काल एकतीस होते

पप्पा,

रिह्याला जाऊन आले. तुम्हाला मातीत पोचवल्यानंतर पहिल्यांदाच, आणि तेही स्वतःहून नाही. बावधनहून मला गाडी पाठवून नेलं. तुमच्या शाळेसमोरचं ते टेकाड आठवतं ना, ज्याच्यावर गवताखेरीज काही उगवत नाही असं तुम्ही म्हणायचात? तिथं आता फार्महाऊस उगवलंय. हिरवळ आहे, हिरवळीवर बसायला पांढऱ्या गाद्या आहेत, आणि गाद्यांवर पांढरे सदरे घातलेली माणसं आहेत. ही माणसं आठवडाभर सूस आणि बावधनच्या रस्त्यांवर एकमेकांच्या अंगावर गाड्या घालतात आणि शनिवार-रविवार इथं येऊन श्वास घ्यायला शिकतात. मी गेली पंचवीस वर्षं दर रविवारी पेपरात अशाच माणसांची टिंगल करून पोट भरतेय, तेव्हा खरं तर मला तिथं बोलवायचं काही कारण नव्हतं. पण तिथल्या मुख्य पोराला कुठून तरी आपली जात कळली. फोनवर म्हणाला, "मॅम, तुमच्या ट्रॅडिशनमध्ये ते फोर्टी-नाइन डेजचं काउंटिंग आहे ना? रोजचा दिवस मीनिंगफुल करायचा? एकदम रेडीमेड प्रोग्राम आहे. आपण फक्त पॅकेज करायचं." म्हटलं, माझे वडील हे आयुष्यभर रिह्यातच करत होते, पॅकेज न करता. तर म्हणतो, "एक्झॅक्टली, मॅम! तेव्हा अवेअरनेस नव्हता."

अवेअरनेस! पप्पा, उभ्या रिह्याला जेवढी तुमच्या ओमेरची जाण होती तेवढी आपल्या लोकांनाही नव्हती. अख्ख्या खोऱ्यात यहुद्यांचं घर एकच, शाळेला लागून असलेल्या त्या दोन खोल्या. गावाला आपण नेमके कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी म्हणे मुसलमानांतले, कुणी म्हणे ख्रिश्चनांतले, पण मास्तर मोजतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वल्हांडणाच्या सणाच्या दुसऱ्या रात्रीपासून सात आठवडे तुम्ही रोज दिवेलागणीनंतर अंगणात उभे राहायचात. आकाशात तीन चांदण्या दिसल्या की डोक्यावरची टोपी नीट करून आधी इब्रीतून आशीर्वाद म्हणायचा, मग आकडा, मग तोच आकडा मराठीतून: "आज अकरा दिवस, म्हणजे ओमेरचा एक आठवडा आणि चार दिवस." पन्नासाव्या दिवशी शाबुओथचा सण. पारावरच्या म्हाताऱ्यांनी एकदा विचारलं होतं, "मास्तर, ह्ये ओमेर म्हंजी काय वो?" तुम्ही म्हणालात, "माप. तुमचं शेर-मापटं असतं ना, तसं. पूर्वी आमचे लोक देवळात जवाचं माप वाहायचे, त्या दिवसापासून मोजायचं." म्हातारा म्हणाला, "मंग जव कुटंय? हितं तर भात पिकतोय." तुम्ही म्हणालात, "देऊळही राहिलं नाही आणि जवही नाही. म्हणून तर नुसते दिवस मोजायचे." म्हाताऱ्याला ते फार पटलं. त्याच्याकडेही दिवसांखेरीज फारसं काही नव्हतं.

आणि पोरांचा खेळ! आपल्या शास्त्रात एक मेख आहे. सूर्य बुडाल्यावर, तुम्ही अजून मोजलं नसताना कुणी विचारलं की आज कितवा, आणि तुम्ही सरळ "आज बारा" म्हणून मोकळे झालात, तर ती मोजणी होऊन जाते. मग त्या दिवसाचा आशीर्वाद म्हणता येत नाही. तो वाया जातो. म्हणून विचारणाऱ्याला कालचा आकडा सांगायचा. हे तुम्ही भोळेपणानं चौथीच्या वर्गात सांगून बसलात, आणि दुसऱ्या दिवशीपासून तिन्हीसांजेला आपल्या कुंपणाशी वानरसेना जमायला लागली. त्यांची म्होरकी माझ्याच बाकावर बसणारी, वाडीवरची ती दोन वेण्यांची, जिला पाढे चुकले म्हणून तुमची पट्टी खावी लागायची. त्याचा सूड ती असा उगवायची. "मास्तर, आज कितवा वो?" "काल अकरा होते!" "काल नगं, आजचं सांगा." "काल अकरा होते." "मास्तर, खोटं बोलू नाय म्हंता आन् तुमीच सांगंना झालाय!" "काल अकरा होते, यात खोटं काय?" मग सगळे फिदीफिदी हसत पळायचे आणि तुम्ही चेहरा कोरा ठेवून आकाशाकडे बघायचात. पण तुम्हाला ते आवडायचं, पप्पा. मी दारात उभी असायचे, मला दिसायचं. वर्षभर सरकारी मास्तर असणारा माणूस त्या सात आठवड्यांत गावाचा कुणीतरी होऊन जायचा.

मोजून घरात आलात की आमची पाळी. पाटावर बसून तुम्ही विचारायचात, "आजचं माप कशानं भरलं?" म्हणजे आजचा दिवस मोजायच्या लायकीचा कशामुळे झाला ते सांगायचं. नुसता आकडा म्हणजे रिकामं मापटं, त्यात दिवसाचं काहीतरी पडायला हवं, हे तुमचं तत्त्वज्ञान. ऐकायला छान आहे. परवा गाद्यांवरच्या लोकांनी ते वहीत उतरवूनही घेतलं. त्यांना मी हे सांगितलं नाही की दहा वर्षांच्या पोरीला रोज संध्याकाळी दिवसाचा हिशेब द्यावा लागला तर ती पुण्यवान होत नाही, थापाडी होते. आज मी आंधळ्या म्हातारीला ओढा ओलांडून दिला. आज मी कुणावर रागावले नाही. रिह्यात तेव्हा आंधळी म्हातारी नव्हतीच, आणि रागवायचं तर मी आजतागायत थांबलेली नाही. तुम्ही मान डोलवायचात. माझ्या लेखनाचा पाया तिथंच घातला गेला, तेवढे आभार मानते.

आई मात्र थापा मारायची नाही. तिची पाळी आली की चुलीपुढून मान न वळवता म्हणायची, "आज चार भाकऱ्या टम्म फुगल्या." रोज तेच. कधी चार, कधी पाच. एका संध्याकाळी तुमचा धीर सुटला. "अगं, भाकरी रोजच होते. रोज होणाऱ्या गोष्टीनं दिवस भरत नाही." आईनं तव्यावरची भाकरी उलटली, तिच्या कडेला बोट लावून बघितलं आणि म्हणाली, "मग तुमचे दिवस कोण भरतं?" तुम्ही ताट पुढं ओढलंत. पण तुम्हाला ते कळलं नव्हतं, नुसतं बोलणं संपवायचं होतं, एवढं मला त्या वयातही समजलं.

आता त्या वर्षाबद्दल लिहिते. आईचा दमा जुना होता आणि रिह्यातले चैत्र-वैशाख तिच्या मुळावरच यायचे. भाताच्या रोपासाठी लोक राब भाजायचे. शेणी, पाला, फांद्या रचून खाचरं पेटवायची, आणि धूर खोऱ्यात दिवसचे दिवस कोंडून राहायचा. ती दरवर्षी म्हणायची, मला या दिवसांत रेवदंड्याला माहेरी नेऊन सोडा, समुद्राची हवा आहे. दरवर्षी काहीतरी निघायचं. परीक्षा, निकाल, पटनोंदणी. त्या वर्षी तुम्ही शब्द दिलात: "या खेपेला शाबुओथचा सण रेवदंड्याला." मग काय विचारता! जी बाई कधी चुलीपुढून उठली नव्हती ती तुमच्याशेजारी अंगणात येऊन उभी राहायला लागली. पदर डोक्यावर घेऊन तुमच्यामागोमाग आकडा म्हणायची. मोजणी देवाची की माहेरची, हे मी तिला विचारलं होतं. हसून म्हणाली, "दोन्हीकडं एकच गाडी जाते." पिशवीसुद्धा भरून ठेवली होती तिनं, खुंटीला टांगून. मी म्हटलं, आई, अजून किती राहिले ते मोज ना, पटकन संपतील. तर तुम्ही मध्ये पडलात. "राहिलेले मोजतो तो कैदी. आपण झालेले मोजायचे." केवढं मोठं वाक्य! गाद्यांवरच्या लोकांना तेही आवडलं असतं. ते मी माझ्याजवळ ठेवलं.

निकाल लागला, शाळा सुटली आणि धूर वाढला. आई म्हणाली, "आता काय अडतंय? आजच निघू. मला धाप लागतेय." तुम्ही म्हणालात, "मोजणी इथं सुरू झालीय, इथंच पुरी करू. सणाच्या आदल्या दिवशी निघू." तिला वाटलं, शास्त्र असेल. मलाही तसंच वाटलं. पुढे कॉलेजात असताना पुण्याला आपल्या देवळात मी प्रार्थना सांगणाऱ्या म्हाताऱ्या हजानांना विचारलं, मोजणी सुरू केली ती जागा सोडता येत नाही का? ते हसायला लागले. "पोरी, चालत्या एसटीत उभं राहून मोजली तरी चालते." हे तुम्हाला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही, पप्पा. तीन चांदण्यांपासून ओमेरात दाढी न करण्यापर्यंत तुम्हाला सगळं माहीत होतं. शास्त्र पाळायला तुम्ही एवढे कडक असतात तर शनिवारची सकाळची शाळा भरवली नसतीत. सरकारसाठी शब्बाथचा विसावा वाकत होता, आईच्या दम्यासाठी मोजणी वाकेना. खरं कारण मी खूप वर्षं शोधलं आणि ते फार लहान निघालं. रेवदंड्याला सगळेच मोजणारे. तिथं कुंपणाशी येऊन "मास्तर, आज कितवा?" असं तुम्हाला कोण विचारणार होतं?

तेविसाव्या दिवशी दुपारी तिला झटका आला. गावात गाडी नव्हती. दूधवाल्याचा टेम्पो येईपर्यंत तिचे ओठ काळे पडले, आणि तो आला तेव्हा त्याचं काम राहिलं नव्हतं. दफनाला पुण्याहून आपले लोक येणार ते सकाळी. संध्याकाळपर्यंत घर बायकांनी भरलं. वाडीवरच्या बायका मोठ्यानं रडत होत्या, मी आईच्या पायाशी बसले होते, आणि खुंटीवर तिची पिशवी होती. दिवे लागले तसे तुम्ही उठलात. मला वाटलं, पाणी प्यायला गेलात. मागल्या दारातून बघितलं तर तुम्ही अंगणात, टोपी नीट करून, मान वर. आशीर्वाद म्हटला नाहीत. नुसता आकडा म्हणालात, हळू आवाजात, आणि परत येऊन जागेवर बसलात. दोन मिनिटं लागली असतील. आई आत पडली होती आणि तुम्ही तुमचा आकडा सांभाळून आलात. मी तेरा वर्षांची होते. त्या क्षणापासून मी तुमच्याशी जे बोलले ते सगळं कामापुरतं.

आणि याचीही शास्त्रात सोय निघाली! मयत घरात असताना माणसाला सगळ्या प्रार्थना माफ असतात, पण त्यानं आशीर्वादाशिवाय आकडा तेवढा म्हणून ठेवावा, म्हणजे मोजणी तुटत नाही आणि दफन झाल्यावर पुन्हा आशीर्वादासकट पुढे चालू करता येते. हे वाचलं तेव्हा माझा राग जायला हवा होता. तो दुप्पट झाला. बायको गेल्याच्या संध्याकाळी ज्याला हे कलम आठवलं त्या माणसाला काय म्हणावं? गावाला तर यातलं काहीच कळलं नाही. तुमची दाढी ओमेरात दरवर्षी वाढायची, न्हावी म्हणायचा, मास्तरांची मोजणी लागली. त्या वर्षीही वाढली. ती कुणासाठी वाढली हे न्हाव्यालाही सांगता आलं नसतं आणि मलाही.

एक गोष्ट मात्र माझ्या रागाच्या कुठल्याच कप्प्यात बसत नाही, म्हणून ती इतकी वर्षं तशीच पडून आहे. आपण सुतकाचे सात दिवस जमिनीवर बसलो होतो त्यांतल्याच एका तिन्हीसांजेला वाडीवरची म्हातारी आली. तिला बिचारीला तेराव्याचं काय ते विचारायचं होतं. "मास्तर, बाईंना जाऊन आज किती दिस झालं?" तुम्ही म्हणालात, "काल पाच झाले." म्हातारी पदर सावरून उठली. कुंपणाशी ती दोन वेण्यांची उभी होती. हसली नाही. मला वाटलं, सवय. यंत्राला चावी दिली की ते तेच बोलतं. तेव्हा असं वाटलं, आणि असंच वाटत राहणं मला सोयीचंही होतं.

सणाच्या आदल्या दिवशी तुम्ही मला घेऊन रेवदंड्याला गेलात. शब्द दिला होता ना! आईची पिशवी तुमच्या हातात. आजी ओटीवर बसली होती. तिनं पिशवीकडं बघितलं, मग तुमच्याकडं. "झाली का सवड, जावईबापू?" एवढंच म्हणाली. एवढ्या वर्षांत मी जे हजारो टोमणे लिहिले त्यांतला एकही त्याच्या पासंगाला पुरायचा नाही. तुम्ही पिशवी ओटीवर ठेवलीत आणि समुद्राकडं निघून गेलात. पुढे निवृत्त होईपर्यंत आणि त्यानंतरही तुम्ही मोजत राहिलात. माप कशानं भरलं, हे मात्र त्या वर्षानंतर मला कधी विचारलं नाहीत. स्वतःलाही विचारत नसाल.

तर परवा. सूर्य मावळायला टेकला तेव्हा माझं भाषण झालं. मी लोकांना हसवलं, ते मला येतं. शेर-मापटं, वानरसेना, न्हावी, सगळं वापरलं. आईला मी बोलण्यात आणलं नाही. समोरचं खाचर कुणीतरी भाजलं होतं, धूर हिरवळीवर आला तशी एक बाई नाकाला रुमाल लावून म्हणाली, "वॉव, किती अर्दी स्मेल आहे ना!" नंतर तो मुख्य पोरगा माईक घेऊन उठला. आकाश तांबडं होऊन गेलं होतं, दिवे लागले होते. म्हणाला, "सो मॅम, आजपासूनच स्टार्ट करू या. आज कितवा डे आहे?"

मी म्हणाले, "काल एकतीस होते."

पप्पा, मी देवळात पाय ठेवून किती वर्षं झाली ते मला सांगता येणार नाही. मी मेणबत्त्या लावत नाही, उपास करत नाही, देवावर माझे दोन फार गाजलेले लेख आहेत. आणि माईकसमोर माझ्या तोंडून हे निघालं, तुमच्याच सुरात. पोरगा गोंधळला. "मॅम, आजचा?" "काल एकतीस होते," मी पुन्हा म्हणाले. गाद्यांवरच्यांनी एकतीस वहीत उतरवलं. आणि तिकडे स्वयंपाकाच्या पडवीत कुणीतरी खो खो हसलं. त्या लोकांसाठी चुलीवरच्या भाकऱ्या करायला गावातल्या बायका ठेवल्यात, त्यांतली एक पदर तोंडाला लावून हसत होती. वेण्या राहिल्या नव्हत्या, केस पिकलेत, दोन दात गेलेत. पण ओळखलं मी.

कार्यक्रम आवरून पडवीत गेले. "अगं मास्तराची पोर तू!" तिनं पिठाच्या हातानंच माझा हात धरला. "म्हटलं, ह्ये कोन बोलतंय मास्तरावानी? अजून मोजतीस व्हय?" म्हटलं, छे, कोण मोजतंय. तिनं परातीत पीठ ओढलं, माझ्याकडं न बघता म्हणाली, "मंग कालचं कसं ठावं तुला?"

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.  तिनं उत्तराची वाट बघितली नाही. म्हणाली, "बस हितं. लई भाषान केलंस. भाकर थापतीस का ईसरलीस?" पहिली फाटली. "मास्तर असते तर पट्टी मारली असती," ती म्हणाली. दुसरी नीट वळली, तव्यावर पडली, पाणी फिरवलं, उलटली, आणि निखाऱ्याला लावल्यावर फुगली.

मग मी पडवीच्या मागं गेले. तुमची शाळा खाली दिसत होती, धुरातून अर्धवट. चांदण्या तीनहून जास्त होत्या. मी बत्तीस म्हटलं. चार आठवडे आणि चार दिवस. आशीर्वाद म्हटला नाही.

तुम्हाला माफ केलं असा अर्थ काढू नका. एसटीत मोजता येत होतं, हे माझ्या बाजूनं कायम आहे. हे पत्र मी कुठं पाठवणार नाही, रविवारच्या पानावरही नाही. ते घरीच राहील. फक्त तिनं विचारलं त्याचं उत्तर तिला दिलं नाही ते इथं देते. मी दरवर्षी मोजते, पप्पा. गॅस बंद करताना, मनातल्या मनात, आईनं म्हटलेल्या शेवटच्या आकड्यापर्यंत, तेविसापर्यंत, तिच्याबरोबर आणि तिथून पुढे एकटीनं. आशीर्वाद कधीच म्हणत नाही. आणि तरी कुणी संध्याकाळी विचारलं तर तो वाया जाऊ देत नाही.

आज घरी एक भाकरी टम्म फुगली. एवढ्यानं माप भरत नसेल तर नसू दे.